हळू बोला, पाव्हणं ऐकतील

आमच्या लहानपणी पुढाऱ्याच्या घरातलं सगळं गावाला ठाऊक असायचं आणि सभेत त्यातलं एक अक्षर कुणी काढायचं नाही. आता सभेत सगळं निघतं आणि त्यातलं खरं किती, हे गावाला ठाऊक नसतं.

आम्ही म्हणजे लातूरसकटचा उस्मानाबाद जिल्हा पाहिलेली माणसं. लातूर 1982 च्या ऑगस्टमध्ये वेगळं झालं. मतपत्रिकेची घडी कशी घालायची, म्हणजे शिक्क्याची शाई पलीकडच्या चित्राला लागणार नाही, हे घरातल्या म्हाताऱ्यांना आम्ही शिकवलंय. उस्मानाबादला धाराशिव म्हणताना आमची जीभ अजून अधूनमधून अडखळते. निवडणूक आली म्हणजे आमच्यासाठी पत्र्याचे बिल्ले आले. जीप गावात शिरली की भोंग्यामागं धावायचं, धुरळा खायचा आणि मिळेल तो बिल्ला सदऱ्याला लावायचा. गाय-वासरू, खटारा, नांगरधारी शेतकरी, सगळे एकाच सदऱ्यावर. आजच्या काही आमदारांकडे बघितलं की वाटतं, ती सवय आमच्यातल्या काही जणांची सुटलीच नाही.

मोठी माणसं बिल्ले लावत नसत. ती पारावर बसत. पुढाऱ्याचं घर हा तिथला बारमाही विषय होता. कुणाच्या वाटणीत विहीर कुणाकडे गेली, कुणाचा धाकटा भाऊ वाड्यात जेवत नाही, कुणाचं पुण्याला दुसरं बिऱ्हाड आहे, कुणाच्या लेकीची सोयरीक कशावरून मोडली. ही माहिती बाजाराच्या दिवशी कळंबहून यायची, न्हाव्याच्या खुर्चीत पिकायची आणि येरमाळ्याच्या स्टँडवर एसटीची वाट बघताना हातोहात पुढं जायची. दुष्काळाबद्दल बोलताना चढलेला आवाज घरातल्या गोष्टीपाशी आला की आपोआप खाली यायचा. आणि कुणी जोशात आलाच, तर दुसरा त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणायचा, ‘हळू बोला, पाव्हणं ऐकतील.’

पाव्हणं खरंच ऐकत असायचे. ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय त्याचा साडू शेजारच्या बाकड्यावर असायचा, नाहीतर त्याच्या चुलतीचं माहेर बोलणाऱ्याच्याच गावचं निघायचं. या जिल्ह्यात दोन अनोळखी माणसं भेटली तर चहा संपायच्या आत त्यांचं काहीतरी नातं निघतं. त्यामुळे जीभ आवरायला तत्त्वाची गरज पडत नसे, सोयरिकीची भीड पुरे व्हायची. सभेत मात्र विषय वेगळे. बहात्तरचा दुष्काळ, रोजगार हमीची मजुरी, कारखान्याचा भाव, विजेचे खांब. शेकापचे भाई उद्धवराव पाटील आमच्याच जिल्ह्याचे. त्या पक्षाची माणसं काँग्रेसला सोलून काढायची ती सावकारी आणि दुष्काळ यांवरून, कुणाच्या चुलीवरून नव्हे. निदान आम्हाला आठवतं ते असं.

आता पारावर ज्येष्ठ नागरिक संघाचे सिमेंटचे बाक आहेत आणि प्रत्येक बाकावर प्रत्येक जण आपापल्या मोबाईलमध्ये आहे. घराची गोष्ट तिथं येते ती थेट व्यासपीठावरून, माईक लावून, शीर्षक देऊन, खाली लाल अक्षरांत ‘खळबळ’ लिहून. ती ऐकताना कुणी कुणाच्या गुडघ्यावर हात ठेवत नाही. उलट आवाज वाढवतात, कारण शेजारच्याला नीट ऐकू येत नाही.

हे असं नुसतं शेजारी शेजारी मांडलं की जुनं लगेच सोज्वळ दिसू लागतं. तिथंच आम्हाला आमचा संशय येतो. ती कुजबुज काही दयाळू नव्हती. सभेतल्या आरोपाला सभेत उत्तर देता येतं. पारावरच्या आरोपाला उत्तर कुठं द्यायचं? ज्या पोरीची सोयरीक मोडली म्हणून आम्ही हळू आवाजात हळहळायचो, तिची पुढची सोयरीक आमच्या त्या हळहळण्यानंच मोडायची. उमेदवाराची बायको तर कुणाच्या खिजगणतीत नसे. प्रचाराचे पंधरा-वीस दिवस वाड्यावर पंगती उठायच्या. पिठलं, भाकरी, ठेचा, शेवटच्या दोन रात्री मटण. ती सगळी पडद्याआडून तिच्या हातची यायची. शे-दीडशे माणसं रोज तिचं अन्न खायची आणि तिचं नाव कुणाला सांगता आलं नसतं. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी देशातल्या जवळपास 28 लाख बायकांनी ‘अमक्याची बायको, तमक्याची आई’ एवढंच सांगितलं, स्वतःचं नाव सांगितलं नाही, म्हणून त्यांची नावं यादीतून गळली. त्यातल्या बहुतेक उत्तरेकडच्या होत्या. पण वाड्यातल्या पडद्याआड त्या बायकांना परकं वाटलं नसतं.

आणि दुसरं. आवाज खाली यायचा त्यात भीड किती आणि भीती किती, याचा हिशेब आम्ही कधी केला नाही. मोठ्या माणसाच्या घराबद्दल मोठ्यानं बोललं की पाण्याची पाळी चुकते, पोराची नोकरी अडते, सोसायटीचं कर्ज रखडतं, हे सगळ्यांना माहीत होतं. तीस-चाळीस वर्षांनी मागं वळून बघताना माणूस त्या भीतीला सभ्यता म्हणू लागतो. आम्हीही म्हणतो.

कुजबुजीला जातही होती. 2009 पूर्वी उस्मानाबादची लोकसभेची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होती. अरविंद कांबळे चार वेळा खासदार झाले, शिवाजी कांबळे झाले, 2004 साली कल्पना नरहिरे निवडून आल्या. त्यांच्या घरात काय चाललं होतं, कुणाची वाटणी झाली, कुणाची सोयरीक कुठं जमली, आम्हाला काही आठवत नाही. हा त्यांच्या खासगीपणाचा मान होता, असं म्हणायला जीभ धजत नाही. ज्याच्याशी आपली सोयरीक होणार नाही त्याच्या घराची उत्सुकताही आम्हाला नव्हती, एवढंच.

आमच्या जिल्ह्याच्या बदलाची तारीख सांगायची तर 2004 पासून सुरुवात करावी लागेल. तेरचे डॉ. पद्मसिंह पाटील 1978 पासून उस्मानाबादचे आमदार. 2004 साली त्यांच्यासमोर विधानसभेला उभे राहिले त्यांचेच चुलत भाऊ पवनराजे निंबाळकर. पद्मसिंह निसटते जिंकले. तोवर भाऊबंदकी म्हणजे बांध, विहीर आणि दिवाणी दावा. मतदान यंत्रावर दोन भावांची नावं आली आणि पारावरचा विषय चौकात आला. पुढं 3 जून 2006 ला पवनराजेंची कळंबोलीजवळ गोळ्या घालून हत्या झाली. 2009 च्या मे महिन्यात पद्मसिंह खासदार झाले आणि जूनमध्ये या प्रकरणात सीबीआयनं त्यांना अटक केली. खटला वर्षानुवर्षं चालत राहिला. त्याचा निवाडा करणं कोर्टाचं काम, आमचं नाही. पण निवडणूक कोर्टासाठी थांबत नसते. त्याच साली ऑक्टोबरमध्ये विधानसभेला पवनराजेंचे चिरंजीव ओमराजे आणि पद्मसिंहांचे चिरंजीव राणाजगजितसिंह समोरासमोर आले, आणि ओमराजे जिंकले.

तेव्हापासून आमच्याकडची प्रत्येक मोठी निवडणूक या एका भावकीच्या अंगणातून जाते. 2014 ला विधानसभेत राणाजगजितसिंहांनी परतफेड केली. 2019 ला लोकसभेला पुन्हा हेच दोघे, आणि ओमराजे सव्वा लाखाहून जास्त मतांनी पुढं. 2022 साली पीकविम्यावरून दोघांची समोरासमोर जुंपली. विषय सोयाबीनचा होता. बोलणं बघता बघता एकेरीवर आलं आणि घरापर्यंत पोचलं. ते चित्रण त्या दिवशी जिल्ह्यातल्या प्रत्येक मोबाईलवर होतं. पूर्वी असं भांडण झालं असतं तर ऐकणारे दहा जण असते, आणि बाहेर येऊन दहा जणांनी दहा प्रकारे सांगितलं असतं. आता लाखभर लोकांनी एकच प्रकार ऐकला आणि लाखभर प्रकारे लावून घेतला. सोयाबीनचं काय झालं, हे मात्र मोबाईलवर कुणी पाठवलं नाही.

वडिलांच्या खुनाचं दुःख घेऊन मतं मागावीत का, असा प्रश्न पुण्या-मुंबईकडची माणसं आम्हाला विचारतात. आम्हाला तो जरा शहरी वाटतो. ज्या पोराचा बाप गेला त्यानं सभेत ते सोडून बाकी सगळं बोलावं, ही अपेक्षा कुठल्या तोंडानं करायची? आम्हाला खुपतं ते दुसरंच. पवनराजेंसोबत त्यांच्या गाडीचा चालकही मारला गेला. आमच्या ऐकण्यात त्याचं घर कधी प्रचाराचा विषय झालं नाही. घर सगळ्यांनाच असतं. प्रचारात उतरतं ते मोठं घर.

मग आलं 2024. महायुतीत ही जागा अजित पवारांच्या राष्ट्रवादीकडे गेली आणि उमेदवारी मिळाली राणाजगजितसिंहांच्या पत्नी अर्चनाताई पाटील यांना. त्या तोवर भाजपच्या. पक्षप्रवेश आणि उमेदवारी जोडीनंच झाली. समोर ओमराजे, म्हणजे नात्यानं दीर. ‘दीर विरुद्ध भावजय’ असे मथळे वर्तमानपत्रांनी छापले. प्रचारात राष्ट्रवादी वाढवण्याबद्दल प्रश्न निघाला, तेव्हा अर्चनाताई म्हणाल्या की मी कशाला तो पक्ष वाढवू, माझा नवरा तर भाजपचा आमदार आहे. झालं. विरोधकांना आठ दिवसांचं खाद्य मिळालं. आम्ही पण हसलो. हसून झाल्यावर मात्र वाटलं, बाई खरं तेच बोलली. आमच्या अख्ख्या हयातीत वाड्यावरच्या कुठल्याही सुनेला विचारलं असतं तर तिनं हेच उत्तर दिलं असतं. फरक इतकाच की तिला कुणी विचारलं नसतं आणि तिच्या तोंडासमोर माईक नसता.

गंमत बघा, 7 मे 2024 ला, धाराशिवच्याच दिवशी, बारामतीलाही मतदान होतं. तिथं सुप्रिया सुळे विरुद्ध सुनेत्रा पवार, नणंद आणि भावजय. सुनेत्राताई पद्मसिंहांच्या भगिनी, म्हणजे तेरच्या लेक. एकाच दिवशी तेरच्या एका घराची लेक तिकडे उभी आणि सून इकडे उभी. दोघीही पडल्या. लेक दीड लाखाच्या पुढं मतांनी, सून सव्वातीन लाखांच्याही पुढं. तिकडच्या प्रचारात तर मूळचे पवार कोण आणि बाहेरून आलेले पवार कोण, यावर शरद पवारांसारखा मुरब्बी माणूस बोलून गेला आणि राज्यभर त्याचा कीस निघाला. ‘बाहेरून आलेली’ हा शब्द आमच्या प्रत्येकाच्या घरात आहे. आई तीच, बायको तीच, सून तीच. सासूनं तो स्वयंपाकघरात वापरला की तिला आम्ही हळूच दटावायचो. निवडणुकीत तो वापरला गेला तेव्हा आम्ही टीव्हीचा आवाज वाढवला. पुढं ऑगस्टमध्ये अजित पवारांनीच कबूल केलं की बहिणीसमोर बायकोला उभं करायला नको होतं, राजकारण घरात शिरू द्यायचं नसतं. पण ते शिरून, जेवून, हात धुऊन झालेलं होतं.

याच नात्याचा एक जुना प्रसंग आम्हाला राहून राहून आठवतो. 2019 च्या ऑगस्टअखेर पद्मसिंह आणि राणाजगजितसिंह भाजपच्या वाटेवर होते. श्रीरामपूरच्या पत्रकार परिषदेत कुणीतरी शरद पवारांना विचारलं की आता नातेवाईकही सोडून चालले. पवार भडकले. राजकारणात नातेवाईकांचा काय संबंध, असा त्यांचा सवाल होता. उभ्या हयातीत अवघड प्रश्नांना हसून बगल दिलेला माणूस या एका प्रश्नावर तापला. आम्ही तेव्हा म्हणालो, वय झालं. आता वाटतं, ती जुनी सवय होती. घराबद्दल मोठ्यानं विचारायचं नसतं, हे त्या पत्रकाराला माहीत नव्हतं. पण पत्रकाराचंही काय चुकलं? ज्या राज्यात पक्षाची अर्धी यादी नात्यानं भरते, तिथं नातं हीच बातमी.

तेरचाच विषय निघालाय तर गोरोबाकाकांचं सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. संत गोरा कुंभार आमच्या तेरचे. विठ्ठलाच्या नादात चिखल तुडवताना स्वतःचं रांगतं लेकरू पायाखाली गेलं, बायकोनं रागानं विठोबाची आण घातली, मग मेव्हणीशी दुसरं लग्न, तरी दोघींनाही स्पर्श नाही. कथा अशी आहे. हा माणूस आज जिल्हा परिषदेला उभा राहिला असता तर? विरोधकांनी फलकावर लेकराचं चित्र छापलं असतं, दोन बायकांवरून गाणं केलं असतं, सासऱ्याची मुलाखत घेतली असती. आणि आमच्या पूर्वजांनी त्याला काका म्हणून देऊळ बांधलं. ते उदार होते म्हणून, की बाईच्या दुःखाला तेव्हाही मत नव्हतं म्हणून, ते आम्ही तेरच्या यात्रेत अजून कुणाला विचारलेलं नाही.

जुन्या मोठ्या माणसांनीही घरावर घाव घातलेच होते. आचार्य अत्र्यांनी यशवंतराव चव्हाणांना निपुत्रिक म्हणून डिवचल्याची गोष्ट महाराष्ट्रभर सांगितली जाते. बेचाळीसच्या चळवळीत पत्नी वेणूताईंना पोलिसांचा मार बसला आणि त्यामुळे मूल झालं नाही, असं यशवंतरावांनी अत्र्यांना कळवलं. अत्रे घरी गेले आणि त्यांनी वेणूताईंची माफी मागितली. गोष्ट सांगणारा इथं थांबतो, डोळे पुसतो आणि म्हणतो, काय माणसं होती! आम्हीही ती अशीच सांगतो. पण घाव छापून आला होता, सगळ्या महाराष्ट्रानं वाचला होता. माफी बंद खोलीत झाली. तरीसुद्धा गेले होते ते, जिना चढून. आता जिना कुणी चढत नाही. 2014 च्या प्रचारात दोन ठाकरे भावांचं भांडण बाळासाहेबांच्या आजारपणातल्या चिकन सूपवर आणि तेलकट बटाटेवड्यांवर आलं होतं. आम्ही ते टीव्हीवर ऐकताना जेवत होतो. पुढं 2025 च्या जुलैत ते दोघे वरळीत एका व्यासपीठावर आले, तेव्हा सूप आणि वडे यांची आठवण काढणं आम्हालाच अवघड वाटलं.

कायद्यानंसुद्धा आता घराचं दार उघडून ठेवलंय, आणि ते चांगलंच केलं. 2003 पासून उमेदवाराला शपथपत्रात स्वतःचं, जोडीदाराचं, अवलंबून असलेल्यांचं सगळं लिहून द्यावं लागतं. जमीन, कर्ज, गुन्हे, सोनं. पूर्वी अमक्याच्या बायकोच्या अंगावर किती सोनं, यावर लग्नाच्या मांडवात बायकांची पैज लागायची. आता ते छापील मिळतं, आणि छापील मिळाल्यापासून त्यावर कुणाचा विश्वास नाही. गावपातळीवर तर पाळणाच निवडणुकीत आला. सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालेल्याला ग्रामपंचायत लढता येणार नाही, असा नियम झाला आणि पडलेला उमेदवार निवडून आलेल्याच्या घरातली पोरं मोजू लागला. तिसरं भावाच्या नावावर लावलंय, अशा अर्जांना जोडलेले जन्माचे दाखले आम्ही पाहिलेत. ज्या आत्यानं बाळंतपण केलं तिलाच साक्षीला बोलवायचं.

गेलं ते काय गेलं, असं नातवानं विचारलं तर सांगायला फार छोट्या गोष्टी आहेत. मतमोजणी रात्रभर चालायची. सकाळी निवडून आलेला माणूस आधी तुळजापूरला जायचा आणि मग पडलेल्याच्या दारात. सोबत कुंथलगिरीच्या पेढ्यांचा पुडा. पडलेल्यानं पेढा घ्यायचा, तोंडात टाकायचा नाही, मुठीत धरायचा. घरातल्या म्हातारीनं निवडून आलेल्याच्या कपाळाला कुंकू लावायचं आणि म्हणायचं, ‘आमच्या पोराला पाडलंस, आता पाणी तरी आण.’ त्यानं तिच्या पाया पडायचं. पाच वर्षं पाणी यायचं नाही, हे वेगळं. ज्याच्याशी भांडलो त्याच्याच पोरीच्या लग्नात अक्षता टाकायच्या, आहेराच्या वहीत नाव लिहून घ्यायचं, आणि ते नाव किती रुपयांचं यावरून पुढची चार वर्षं बोलायचं. दोन घरांत पाणी पिणं बंद असलं तरी कुणाच्या मातीला न जाणं कुणाला परवडत नसे.

आता गुलाल जेसीबीतून उधळतात. विजयी मिरवणूक पडलेल्याच्या दारावरून जाते खरी, पण तिथं थांबते ती डीजेवर मुद्दाम निवडलेलं गाणं वाजवायला. म्हातारी दार लावून घेते. अक्षता टाकायला अजूनही जातात सगळे, पुढारी तर दिवसात आठ-दहा मांडव करतो, पण फोटोग्राफर पुढं पळत असतो. ओमराजेंची ख्याती तर कुणाचाही फोन स्वतः उचलण्याची. फोन उचलून कुठं विकास होतो का, असं म्हणणारे आहेत. पण ज्याचं रोहित्र जळालंय आणि ज्याला पाव्हणा म्हणून कुणी वाड्यात घेतलं नसतं, त्याला खासदाराला थेट फोन लावता येणं काय आहे, हे जुन्या वाड्याच्या पायरीवर दुपारभर बसलेल्यालाच कळेल. आम्ही बसलोय. तेव्हा पायरीचं फार कौतुक आम्हाला सांगू नका.

आणि या सगळ्या क्लिपा, ही दीर-भावजयीची मीम्स, हे ‘बघा यांचे संस्कार’ आम्हाला पाठवतं कोण? तरुण पोरं नव्हेत. त्यांना स्पर्धा परीक्षेचा निकाल हवा असतो आणि पुण्यात खोली हवी असते. पाठवतात आमच्याच शाळेच्या बॅचवाले, बिल्ले गोळा करणारे, आता निवृत्त झालेले गुरुजी, ग्रामसेवक, बँकेतले कॅशियर. पहाटे गुलाबाच्या फुलासोबत सुप्रभात, साडेसातला तुळजाभवानीची आजची पूजा, आणि आठला कुणाच्या तरी सुनेबद्दलचा व्हिडिओ, ‘जसा आला तसा’ असं वर लिहून. परवाच त्याखाली एकानं विचारलं, ‘हे खरं आहे का?’ दुसऱ्यानं लिहिलं, ‘पाव्हणे लागतात माझे, मला विचारू नका.’ आणि त्याच पाव्हण्यानं पाच मिनिटांनी तो व्हिडिओ दुसऱ्या ग्रुपवर टाकला. तिथंही आम्ही आहोतच.